मिनिएचरचे डोळे आखताना ब्रशच्या टोकावरच रंग सुकायचा, त्यावरचा उपाय

सांगलीत एप्रिल-मे महिन्यात २८ मिमीच्या मिनिएचरचे, म्हणजे सैनिकाच्या चिमुकल्या पुतळ्याचे, डोळे रंगवायचे, तर आधी उन्हाशी गाठ असते. डोळा मोहरीहून बारीक, आणि अ‍ॅक्रिलिक रंग चेहऱ्यापर्यंत नेईतो टोकावर घट्ट होतो.

मी आधी ब्रश बदलला. तीन शून्यांचा (000 मापाचा) ब्रश बारीक खरा, पण त्यात रंग मावतच नाही, म्हणून तो लगेच सुकतो. १ नंबरचा, चांगलं टोक असलेला नैसर्गिक केसांचा ब्रश पोटात ओल धरतो. रंगासाठी पसरट डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर; त्यावर काढलेला रंग ओला राहतो. पंखा बंद. एवढ्यानं निम्मं काम झालं.

उरला तो डोळे वटारल्याचा भाव. बुबुळाच्या वर आणि खाली पांढरं दिसलं की चेहरा दचकलेला वाटतो. म्हणून खोबणीत आधी गडद तपकिरी, त्यावर कडा सोडून हस्तिदंती रंग (शुभ्र पांढरा फार टोचतो), आणि बुबुळ ठिपक्याऐवजी वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ. नजर थोडी बाजूला ठेवली तर दोन्ही डोळे जुळवणं सोपं जातं.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी करतात. मी मात्र डोळे आधी करतो, कारण बाहेर गेलेला रंग नंतर त्वचेच्या रंगानं झाकता येतो आणि त्याच फटकाऱ्यात पापण्यांना आकारही येतो. भुवया सगळ्यात शेवटी, पातळ तपकिरीनं.