डीबीतल्या वायरींच्या जोड्या कशा लावायच्या

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटच्या वायरी जिथे येतात ती पेटी. ती उघडली की बहुतेक जण फेजवर नंबर टाकतात आणि न्यूट्रल काय सगळ्या सारख्याच म्हणून सोडून देतात, भानगड तिथेच होते. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की पडलाच. ७५ वॅटचा साधा पंखासुद्धा ३०० मिलिअँपिअरच्या वर घेतो, त्यामुळे त्याची न्यूट्रल चुकून दुसऱ्या आरसीसीबीच्या लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) बसली असेल तर पंखा लावला रे लावला की अंधार. मी दोन दिवस पंख्यालाच शिव्या घालत होतो, तो बिचारा ठणठणीत होता.

आधी झाकण न काढताच एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा छोटा स्विच) पाडा आणि घरभर फिरून काय काय बंद पडलं ते कागदावर लिहा, सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा, आणि बेल, बाल्कनीचा दिवा असल्या गोष्टी हमखास राहतात. एवढं कुणालाही जमतं. पुढचं वायरी सोडवायचं काम बऱ्याच ठिकाणी लायसन्सवाल्या वायरमननेच करायचं असतं, तर त्याला बोलवा, पण तो काय करतोय ते कळलेलं बरं.

मेन बंद. तरी मेनच्या इनकमिंग टोकांवर सप्लाय असतोच, आणि इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर ते वेगळं बंद करायचं. टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर पेटतो का बघा, मगच आत लावा. रंगावर अजिबात जाऊ नका, कुठे लाल-काळी, कुठे तपकिरी-निळी, आणि कुठे तर काळीच फेज असते.

आता फोटो काढून सगळ्या न्यूट्रल लिंकवरून सोडवा, फेज एमसीबीवरून. ज्या सर्किटचा जोड शोधायचाय त्याच्या सॉकेटला साधी १००० वॅटची इस्त्री लावा, इस्त्रीचा डायल आणि सॉकेटचा स्विच दोन्ही चालू ठेवून. मल्टिमीटरची एक पिन त्या फेजला, दुसरी एकेका न्यूट्रलला. २३० व्होल्टच्या इस्त्रीचं रीडिंग ५० ओहमच्या आसपास येतं, जिथे आलं ती तिची जोडीदार. लाइटच्या सर्किटला होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावा, एलईडीवर काही कळत नाही. दोन न्यूट्रलवर रीडिंग आलं तर त्या कुठल्यातरी स्विचबोर्डात एकमेकींना जोडल्यात, आधी ते सोडवा.

जोडी सापडली की लगेच दोघींना एकच नंबर, अर्थची वायर ओळखू आली तर तिलाही. मास्किंग टेप नको, उन्हाळ्यात सुटते. मग एका आरसीसीबीखालच्या सगळ्या जोड्या एका केबल टायमध्ये, आणि लिंकवर न्यूट्रल एमसीबीच्याच क्रमाने. स्क्रू आवळून प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा.

झाकण बसवून मेन चालू करा, मग एकेक एमसीबी चढवून त्यावर काहीतरी लोड लावा. आरसीसीबी पडला तर शेवटी चढवलेल्या सर्किटचीच न्यूट्रल परत तपासा, अर्थात मेन पाडून.