विद्यार्थ्यांच्या पर्यावरणशास्त्र परिषदेत संशोधन कसे मांडावे

परिषदेची सूचना हाती पडली की बहुतेक विद्यार्थी आधी शीर्षक ठरवतात आणि तेथेच फसतात. ‘जलप्रदूषण : एक अभ्यास’ या शीर्षकावरून परीक्षकाला काहीही कळत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी ‘सांडपाणी मिसळते त्या जागेच्या वर आणि खाली ओढ्यातील विरघळलेल्या प्राणवायूत किती फरक पडतो?’ असा, उपलब्ध वेळेत आणि उपलब्ध साधनांनी उत्तर देता येईल असा प्रश्न घ्यावा. विषय जितका लहान, तितके त्याच्याबद्दल ठामपणे बोलता येते.

खरी कसोटी मोजमापाची असते, म्हणून सर्वाधिक वेळ तेथे द्यावा. वरील उदाहरणच पाहू. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शिवाय दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू सोडतात आणि रात्री सर्वच सजीव तो वापरतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. एका जागेचा नमुना सकाळी सहाला आणि दुसऱ्या जागेचा दुपारी दोनला घेतला, तर दिसणारा फरक सांडपाण्याचा की घड्याळाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत वेळ, तापमान, नेमके ठिकाण आणि आधीच्या दिवसांतील पाऊस लिहून ठेवावा, एका जागी किमान तीन नमुने घ्यावेत आणि उपकरणाचे अंशांकन (ज्ञात मूल्याशी ताडून केलेली जुळणी) केव्हा केले तेही नोंदवावे. हवेचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वस्त संवेदकांपासून सावध राहावे. कणांवरून प्रकाश किती विखुरतो यावर चालणारी ही उपकरणे दमट हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण फुगवून दाखवतात, कारण कण पाणी शोषून आकाराने वाढतात.

आकडे मांडतानाही त्यांचे स्वरूप ओळखावे. सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ७ वरून ६ वर आला म्हणजे ‘१४ टक्के घट झाली’ असे लिहिणे चूक आहे. ही मोजपट्टी लघुगणकीय असल्याने हायड्रोजन आयनांची संहती येथे दहापट वाढलेली असते. (टक्केवारीचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.) तसेच, केवळ सरासरी न देता नमुन्यांची संख्या आणि प्रमाण विचलनही (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) द्यावे.

गोषवारा शब्दमर्यादेत लिहावा आणि त्यात प्रश्न, पद्धत, मुख्य निष्कर्ष व त्याचा अर्थ याच क्रमाने यावा. ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ हे वाक्य मात्र कधीही लिहू नये. निष्कर्ष हाती नसेल तर गोषवारा पाठवण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

भित्तिपत्रकासाठी बहुधा ए-शून्य, म्हणजे ८४१ बाय १,१८९ मिलिमीटर आकार मागतात. पण कागद उभा की आडवा, हे छपाईपूर्वी आयोजकांना विचारून घ्यावे. मुख्य आलेख मध्यभागी मोठा ठेवावा, त्याच्या दोन्ही अक्षांवर राशीचे नाव आणि एकक असावे, आणि लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या व्यक्तींचा विचार करून रंगांसोबत चिन्हेही वेगळी वापरावीत. प्रस्तावनेचे तीन परिच्छेद उभ्याने कोणीही वाचत नाही, त्यामुळे ते निर्धास्तपणे गाळावेत.

भाषणाला दहा मिनिटे दिली असतील तर तयारी आठ मिनिटांची करावी आणि ती मोठ्याने बोलून, घड्याळ लावून करावी. प्रश्नोत्तरांत अनेकांची गाडी अडते. ‘फरकाचे कारण सांडपाणीच आहे कशावरून?’ असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा वरच्या जागेच्या नोंदी दाखवाव्यात, आणि प्रवाहाचा वेग किंवा पाण्याची खोली मोजलेली नसेल तर ‘ते आम्ही मोजलेले नाही, त्यामुळे ती शक्यता उरते’ असे सरळ सांगावे. परीक्षक अशा उत्तराने नाराज होत नाहीत; ते नाराज होतात ते तीन नमुन्यांवरून साऱ्या नदीचा निकाल लावला की. विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढच्या फेरीत काय मोजायचे याची यादी त्यातूनच तयार होते.