बाटलीतल्या जरबेऱ्याला खायला काय घालायचं?

कोल्हापुरात बॉटनी किंवा बायोटेक करून टिश्यू कल्चर लॅबमध्ये (जिथे बाटलीत रोपं वाढवतात) येणारी पोरं आल्या आल्या विचारतात, "सर, बीएपी किती टाकायचं?" बीएपी म्हणजे फुटवे आणणारं हार्मोन, त्याचं भारी वेड. माझं म्हणणं, आधी क्षार आणि साखरेचं बघा.

जरबेरा असो की शेवंती, सुरुवात बहुतेक वेळा एमएस मिडियमनेच (मिडियम म्हणजे रोपाचं बाटलीतलं खाद्य) होते. मुराशिगे आणि स्कूग यांनी ते १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी तयार केलं. (आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं, त्यामुळे साल पाठ करावं लागत नाही.) लिटरला ३० ग्रॅम साखर, कारण बाटलीतलं रोप स्वतःपुरतं अन्न बनवत नाही. अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम. जरबेऱ्याला ते चालतं, अँथुरियमला एवढं झेपत नाही, कमी करावं लागतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे दाट स्टॉक (आधीच करून ठेवलेली द्रावणं) वेगळ्या बाटल्यांतच ठेवा, नाहीतर तळाला साका बसतो. पीएच ५.८ ला आणायचा तो ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करण्याच्या, आधी. फार खाली गेला तर अगार (मिडियम गोठवणारा पदार्थ) नीट घट्टच होत नाही.

खरी गंमत पानं वाचण्यात आहे. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोहाकडे बघा. जुनी पानं पिवळी, तर नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम. शेंडा काळा पडला की नवखे लगेच कॅल्शियम वाढवतात. पण कॅल्शियम मिडियममध्ये असतंच, वर चढत नाही. बंद बाटलीत हवा दमट, पानांतून पाणी उडत नाही, आणि कॅल्शियम तर त्या पाण्याच्या ओढीनेच वर जातं. अशा वेळी हवा खेळणारं झाकण लावून बघा. पानं काचेसारखी फुगीर, पाणचट दिसली तरी तेच करा आणि बीएपी थोडं उतरवा. पिशवीभर केमिकलं ओतून हे सुटत नाही.

मुळं धरायला बऱ्याचदा अर्ध्या ताकदीचं एमएस पुरतं. हार्डनिंगला, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायला, काढताना मुळांचं अगार नीट धुवा. त्यातल्या साखरेवर बुरशी चढते, आणि इकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना मोठमोठ्या व्याख्या घोकू नका. मी तरी एवढंच विचारतो: वीसपट स्टॉक आहे, अर्ध्या ताकदीचं एक लिटर मिडियम करायचंय, स्टॉक किती घ्याल? २५ मिली. कॅल्क्युलेटर न काढता यायला हवं.