नागपूरचा घरखर्च: हिशोब महिन्याचा नको, वर्षाचा मांडा

नागपुरात घराचं बजेट कोलमडतं ते एप्रिल ते जूनमध्ये. कूलर लागतात, वर्षाचा गहू भरायचा असतो, लग्नांचे आहेर असतात आणि जूनच्या शेवटी शाळा उघडली की वह्या-गणवेश. पगार मात्र तेवढाच. म्हणून आधी मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं काढा. त्यांच्या बेरजेत वर्षाचं धान्य आणि शाळेचा खर्च मिळवा आणि १२ ने भागा. तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढायची आणि ज्याचं त्याचं बिल त्यातूनच भरायचं. धान्याच्या वाट्याचं १२ महिन्यांचं आरडी (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं) एप्रिलमध्ये उघडलं तर पुढच्या एप्रिलला, गहू बाजारात येतो तेव्हा हातात पडतं. पहिल्या वर्षी पैसा नसेल तर निम्मंच धान्य भरा, उधारीवर पोती आणू नका.

वीज. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. १०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात हा गैरसमज आहे, फक्त वरचे युनिट वरच्या दराने लागतात. याचा फायदा असा की वाचवलेला प्रत्येक युनिट सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतो. २०० वॉटचा कूलर १० तास चालला की रोज २ युनिट, महिन्याला ६०. दोन कूलर असले तर हिवाळ्यातलं ९० युनिटांचं घर मे महिन्यात २१० वर जातं.

कोणती वस्तू किती खाते हे मीटरच सांगतो. त्यावर ३२०० किंवा १६०० इम्प (इम्पल्स) असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून फक्त कूलर लावा आणि एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर २०० वॉटला १० ते ११ लुकलुकी येतात. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर स्टँडबायवर काहीतरी आहे किंवा वायरिंगमध्ये गळती. गळतीचा संशय असेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

कूलर थंड करत नाही म्हणून लोक वेग वाढवतात, पण दोष बहुतेक वेळा ताट्यांचा, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांचा असतो. गवतावर क्षाराचा पांढरा थर बसला की हवा आत येत नाही, आणि गवत कुठे विरळ झालं तर तिथून कोरडी गरम हवा घुसते. ताट्या फेब्रुवारीतच बदला, एप्रिलमध्ये कूलरवाले हाती लागत नाहीत. नवीन गवत ठासून भरू नका, सारखं पसरा. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, क्षारही जातो आणि डासांची अंडीही. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. मृगाचा पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा.

छताचा जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, साधारण ३० वॉट. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो जास्त चालतो तो आधी.

धान्य. कळमना बाजारात किंवा इतवारीच्या किराणा ओळीत दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर ऑटोचं भाडं वाटलं जातं. एकट्याने २० किलोसाठी गेलात तर भावात वाचलेलं भाड्यात जातं. गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहा, कट्‌ असा आवाज झाला तर सुका. तरीही गच्चीवर दोन ऊन द्या, आणि इथेच चूक होते: उन्हातला गहू गरम असतानाच कोठीत भरला की आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर घरात पसरून थंड झाल्यावरच भरा, मध्ये सुका कडुनिंब. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाण्याला चिरा जाऊन कणी होते. तो सावलीत वाळवा. डाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र घरात आणूच नका, त्यातला वायू झोपेत जीव घेतो.

तूरडाळ फारच स्वस्त मिळाली तर मूठभर ताटात पसरा. तूर गोलसर असते, भेसळीच्या लाखोळी (खेसारी) डाळीचे दाणे कोन असलेले, पाचरीसारखे. असे दाणे दिसले तर डाळ परत करा.

तेलाचा डबा १५ किलोचा की १५ लिटरचा, हे भाव विचारण्याआधी वाचा. सोयाबीनचं १५ लिटर तेल साधारण १३.६ किलोच भरतं. पाकिटंही ८५० ग्रॅमची निघाली आहेत, तेव्हा तुलना नेहमी किलोच्या भावानेच.

गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा. १५.३ लिहिलं असेल तर काट्यावर २९.५ किलो दिसायला हवं, दारातच मोजून मागा. ज्योत पिवळी पडून भांडी काळी होत असतील तर बर्नरची भोकं साफ करा. डाळ अर्धा तास भिजवून, भात आणि बटाट्याबरोबर एकाच कुकरमध्ये लावा.

रेशनकार्डावर मोफत धान्य असेल तर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते दुकानात विचारून घ्या. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो म्हणजे चौघांचे महिन्याला २० किलो. पोत्यांचा आकडा तेवढा वजा करूनच ठरवा.

भाजीचा भाव बुधवार बाजारात दिवेलागणीनंतर उतरतो. पालेभाजी आणि सांभार (कोथिंबीर) तेव्हा घ्या, पण त्याच रात्री निवडून ठेवा. ओला सांभार पिशवीत तसाच ठेवला तर सकाळी निम्मा फेकावा लागतो. मे महिन्यात भाजी भडकली की मुंगवड्या (मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या) आणि झुणका आठवड्यातून तीन दिवस लावा. मुंगवड्या मार्चच्या उन्हातच घालून ठेवलेल्या हव्यात.