फुलं बघायला लांब कशाला, आधी एक वाट धरा

ऑगस्ट उजाडला की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराला कधी जायचं, कासला कधी जायचं, मग गाड्या निघतात, फोटो निघतात, आणि त्याच माणसाला विचारा की तुझ्या गल्लीच्या तोंडाला कुठलं झाड आहे रे, तर म्हणतो "असंल की कायतरी". मी पण त्यातलाच होतो. आता तीन-चार वर्षं जरा बरं जमतंय म्हणून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे वाट ठरवायची, एकच. पाऊण तासात चालून होईल आणि घरापासून जवळ असेल अशी. आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याचा पदपथ चालेल, विद्यापीठाचा परिसर चालेल, टेंबलाईची टेकडी चालेल, काही नसेल तर कॉलनीतला ओपन स्पेस ते दूध डेअरी एवढी पण चालते. त्याच वाटेने दर पंधरा दिवसांनी जायचं. मी अमावस्या-पौर्णिमा धरतो, कॅलेंडरवर आपोआप दिसते, विसरायला होत नाही. नवी जागा रोज बघितली तर सगळंच नवं दिसतं, तीच जागा परत बघितली की काय बदललं ते दिसतं, सगळा खेळ तिथंच आहे.

दुसरं, मान वर करायच्या आधी खाली बघा. झाडाला काय लागलंय याची बातमी आधी रस्त्यावर पडते. पावसाळा सरता सरता सकाळी डांबरावर पांढरी लांब दांड्याची फुलं पडलेली दिसली की वर बूच आहे समजायचं, दांडे एकमेकांत गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते त्यांची. काटेसावरीचं फूल पडतं ते धप्पकन, जाड मांसल पाकळ्या, पायाखाली आलं तर घसरतो माणूस.

पडलेलं फूल उचलायला कुणाची ना नसते, ते हातात घेऊन नीट बघा. गुलमोहराचंच घ्या, मे महिन्यात कुठंही मिळतंय. पाच पाकळ्या असतात पण चारच सारख्या, पाचवी जरा मोठी, पांढरट-पिवळट आणि तिच्यावर लाल शिंतोडे. लहानपणी त्याच्या केसरांची लढाई लावायचो, बाहेरची हिरवी पाकळी नखावर चिकटवायचो, पण ती पाचवी पाकळी वेगळी असते हे मला चाळिशीत कळलं. आणि हो, इतकं आपलं वाटणारं झाड मूळचं मादागास्करचं.

तिसरं, नुसत्या फुलावर नाव ठरवू नका, पान, काटे, साल सगळं बघा. शिमग्याच्या सुमाराला पळस, पांगारा आणि काटेसावर तिन्ही बिनपानांची आणि तिन्ही लालभडक, इथं भलेभले फसतात. मी दोन वर्षं पुतण्याला एका पांगाऱ्याला पळस म्हणून सांगत होतो. एकदा बांधावर गवत कापणाऱ्या एका आजी ऐकत होत्या, हसल्या आणि म्हणाल्या, "आरं पळसाला काटं कवा बघितलास?" मी म्हटलं आजी, गेल्या पावसाळ्यात पानं तीन-तीनच बघितलेली की, म्हण आहे ना. तर म्हणाल्या, "पांगाऱ्याला बी तीनच असत्यात." विषय संपला! तेव्हापासून मी असं धरतो: फांदीला काटे, लाल फुलांचे झुबके फांदीच्या टोकाला, तर पांगारा. काटे नाहीत, केशरी पोपटाच्या चोचीसारखं वाकडं फूल आणि कळीवर काळपट मखमल, तर पळस, हीच फुलं उकळून रंगपंचमीचा रंग करतात. आणि वाटीएवढं मोठं फूल, मध्ये केसरांचा गुच्छ, आत डोकं घालून मैना-बुलबुल चाललेत, तर काटेसावर.

फोटो काढताना चार काढा: पूर्ण झाड, खोडाची साल, पान दोन्ही बाजूंनी, आणि फुलाशेजारी आपलं बोट ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाईलचं अ‍ॅप नाव सुचवतं, पण त्याला अर्धवट फोटो दिला तर ते पण आपल्या पुतण्यासारखंच, सांगेल ते खरं. वहीत तारीख, जागा, कळी आहे का फूल का शेंग का नवी पालवी, एवढ्या दोन ओळी पुरेत.

बाकी वर्षभरात काय कधी ते थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये बहाव्याची पिवळी झुंबरं आणि ताम्हणाची जांभळी फुलं, ताम्हण आपलं राज्यफूल. पावसाळ्यात टाकळा, आणि गौरीच्या आसपास तेरडा. बाजारात तेरड्याच्या पेंढ्या येतात तेव्हा घेतोच आपण, पण माळावर उभा असलेला बघा, पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावलं की फट्‌कन फुटून बिया उडतात, पोरं तासभर सोडत नाहीत. दसऱ्याला सोनं म्हणून कांचनाचीच पानं गळ्यात मारतात बऱ्याचदा, आपट्याचं पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं चांगलं तळव्याएवढं. ऑक्टोबरात संध्याकाळी उग्र वास आला आणि डोकं जड झालं तर जवळपास सातवीण आहे.

एवढं एक वर्ष केलंत की मग खुशाल जा मसाई पठारावर. तिथं मळलेली वाट सोडू नका. कळलावी दिसली तर लांबूनच बघा, सगळं झाडच विषारी, कंद तर जास्तच. आणि ओल्या कातळावर बसायच्या आधी खाली बघा, बारीक निळी-जांभळी ठिपक्याएवढी फुलं दिसतील ती सीतेची आसवं, मुळाशी असलेल्या बारक्या फुग्यांत किडे पकडून खाणारी वनस्पती आहे ती. फोटो काढायचा तर पोटावर झोपावं लागतं, जुने कपडे घालून जा.