जुना लडविग ४०० स्नेअर पारखताना
लडविग ४०० म्हणजे लडविग कंपनीचा, क्रोमचा मुलामा दिलेला धातूचा स्नेअर ड्रम. आधी त्याचा बॅज, म्हणजे अंगावरची कंपनीच्या नावाची पट्टी, बघा. कीस्टोन आकाराचा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता, असेल तर ड्रम बहुधा साठच्या दशकातला. निळा-ऑलिव्ह बॅज सत्तरच्या दशकातला. क्रोमखाली पितळ आहे की ॲल्युमिनियम, हे ओळखायला लोहचुंबकावर विसंबू नका, तो पितळेलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. मी एक लग (ड्रमच्या बाजूला बसवलेला, ताणाचे स्क्रू धरणारा तुकडा) सोडवतो आणि स्क्रूच्या भोकाची कड भिंगाखाली धरतो. पिवळी झाक दिसली की माझे हात थरथरतात: सुरुवातीचे पितळी नग थोडेच, म्हणून महाग. कड करडी-पांढरी असेल तर ॲल्युमिनियम. त्यावर क्रोम नीट धरत नाही, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. आवाज तोच राहतो, भाव उतरतो. नंतर पाडलेलं एखादं भोक मात्र मला सहन होत नाही. आणि भाव ठरवताना मागितलेला आकडा सोडा, प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते शोधा.