बीएनआयचं सभासदत्व घेतलंय? मग या चुका टाळा

बीएनआय, म्हणजे बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल, ही सभासदांनी एकमेकांना काम मिळवून द्यायची संस्था. तिथलं पहिलं वर्ष संपत आलं की काही सभासदांची एकच तक्रार असते : चॅप्टरमधून, म्हणजे आपल्या स्थानिक गटातून, काम येत नाही. वर्गणी भरली, दर आठवड्याला भल्या सकाळी उठून बैठकीला गेलो, कार्डं वाटली आणि हाती काही लागलं नाही. त्यांचं नुकसान खरं असतं. पण अशा बहुतेकांनी समोर बसलेल्या चाळीस जणांनाच आपलं गिऱ्हाईक मानलेलं असतं. त्या चाळीस जणांना तुमचं सॉफ्टवेअर, तुमचा विमा, तुमचं फर्निचर कितीदा लागणार? त्यांच्या फोनमध्ये, नात्यात, सोसायटीत आणि पुरवठादारांत जी हजारो माणसं आहेत, तिथे तुमचं गिऱ्हाईक आहे. ते ओळखायचं कसं, हे या चाळीस जणांना शिकवायला तुम्ही पैसे भरले आहेत.

इव्हान मिझनर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ही संस्था सुरू केली. आज ती ७० हून अधिक देशांत आहे आणि मूळ रचना सगळीकडे सारखीच आहे. आठवड्याला एक बैठक, एका चॅप्टरमध्ये एका कॅटेगरीचा, म्हणजे एका व्यवसायाचा, एकच सभासद, आणि जो दुसऱ्याला काम मिळवून देतो त्याला काम मिळतं हे ‘गिव्हर्स गेन’चं तत्त्व. पुढच्या सगळ्या चुका या रचनेला बाजारासारखं वापरल्यामुळे होतात.

साठ सेकंद वाया घालवणं

बैठकीत प्रत्येकाला बोलायला साधारण एक मिनिट मिळतं, मोठ्या चॅप्टरमध्ये त्याहूनही कमी. वर्षाच्या सगळ्या बैठका धरल्या तरी तुमच्या बोलण्याची बेरीज एका तासाच्या आतच राहते. तरीही अनेक सभासद आठवड्यामागून आठवडे तेच बोलतात : कंपनीचं नाव, स्थापनेचं साल, सेवांची यादी आणि शेवटी ‘कोणालाही इंटिरियर करायचं असेल तर सांगा’. ‘कोणालाही’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकही चेहरा येत नाही. चेहरा आला नाही तर रेफरल, म्हणजे ओळखीतून आलेलं गिऱ्हाईक, कुठून येणार?

मागणी अशी करा की ऐकणाऱ्याला माणूस आठवावा, नाहीतर निदान कुठे बघायचं ते कळावं. फायर फायटिंगचं काम करणाऱ्याचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करावं लागतं. या सभासदाने डिसेंबरमध्ये उभं राहून एवढंच सांगावं : “आज घरी गेल्यावर तुमच्या जिन्यातल्या फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर तुमच्या सेक्रेटरींशी माझं बोलणं करून द्या.” त्या संध्याकाळी निदान पाच-सहा जण तरी जिन्यात थांबून तारीख वाचतील. जूनमध्ये हेच पुन्हा सांगता येतं.

प्रत्येक धंद्याचा असा मोसम असतो आणि अशी खूणही असते. छपाईवाल्याने डायरी-कॅलेंडरची मागणी गणपतीच्या आसपास करावी, दिवाळीनंतर फार उशीर झालेला असतो. सीएने ‘जीएसटीचं काम’ मागण्याऐवजी ‘गेल्या महिन्यात नोटीस आलेला तुमचा पुरवठादार’ मागावा. मॉड्युलर किचनवाल्याने अमुक भागात येत्या सहा महिन्यांत ताबा मिळणारी इमारत नाव घेऊन मागावी. एका आठवड्याला एकच मागणी, आणि तीन महिन्यांचं वेळापत्रक आधीच लिहून ठेवलेलं. इतकं केलं तरी फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. नाशिक, सांगली, कोल्हापूरकडचे कितीतरी कारखानदार आपल्या कामाबद्दल मराठीत तासभर रंगून बोलतात आणि बैठकीत उभं राहिल्यावर पाठ केलेल्या इंग्रजीत अडखळतात. तुमचं चॅप्टर मराठी समजत असेल तर मराठीत बोला. कास्टिंगमधला दोष तुम्ही कसा पकडता, हे ज्या भाषेत तुम्हाला नेमकं सांगता येतं, त्याच भाषेत ऐकणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

वन-टू-वनमध्ये माहितीपत्रक उघडणं

वन-टू-वन म्हणजे दोन सभासदांची बैठकीबाहेरची भेट. तिथे चहावर भेटायचं आणि अर्धा तास आपलीच सेवा विकायची, यामुळे पुढची भेटच होत नाही. समोरच्याला विचारा की त्याचं सगळ्यात फायद्याचं काम कोणतं आणि गेली दहा गिऱ्हाइकं त्याच्याकडे कुठून आली. मग तुमची दहा मांडा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आर्किटेक्ट, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाला एकाच घरमालकाभोवती फिरताहेत, हे आपोआप दिसतं. पॉवर टीम, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला वेगवेगळ्या सेवा देणाऱ्या सभासदांचा गट, अशा याद्यांतून उभी राहते. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून ती होत नाही.

रेफरल येतं, पण काम होत नाही

इथे आधी तपासा की मिळालं ते रेफरल होतं की नुसता नंबर. ‘याला फोन कर, माझं नाव सांग’ ही झाली लीड. समोरच्याला गरज आहे आणि तुमचा फोन येणार हे त्याला माहीत आहे, तेव्हाच ते रेफरल. रेफरलची स्लिप, म्हणजे चिठ्ठी, हातात येताच देणाऱ्याला तिथेच विचारा, “त्यांच्याशी बोलणं झालंय का?” झालं नसेल तर त्याच्याच फोनवरून आत्ता बोलून घ्या, किंवा तिघांचा ग्रुप करून ओळख करून द्यायला सांगा. असं विचारल्याने कोणी दुखावत नाही.

ओळख पक्की असूनही काम हातचं जात असेल तर तुमचा वेग तपासा. ज्याने तुमचं नाव सुचवलं त्याने आपली पत पणाला लावलेली असते. फोन त्याच दिवशी झाला पाहिजे, कोटेशन सांगितलेल्या दिवशी पोचलं पाहिजे. आणि पुढे काय झालं ते देणाऱ्याला कळवा, विशेषतः काम झालं नाही तेव्हा. दर जास्त वाटला, निर्णय पुढे ढकलला, जे असेल ते सांगा. ज्या सभासदाकडून असं उत्तर येत नाही, त्याला लोक दुसरं रेफरल देत नाहीत, आणि ते बोलूनही दाखवत नाहीत.

सभासदांशी व्यवहार करताना

‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कोटेशन न देता काम सुरू करणं टाळा. दर, मुदत, पैसे कधी, हे सगळं लेखी हवं. सवलत द्यायची असेल तर सगळ्यांना सारखी जाहीर करा. उधारी अडकली की त्या एका बिलापायी दोन्ही सभासद बैठकीला यायचे बंद होतात, हे मी पाहिलं आहे. लघुउद्योजकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदाच सांगतो. चॅप्टरमधल्या माणसाला त्याहून जास्त थांबवू नका.

गैरहजेरीचंही भान ठेवा. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा चुकलात तर जागा धोक्यात येते. सबस्टिट्यूट, म्हणजे तुमच्या जागी बैठकीला बसणारा माणूस, पाठवताना आयत्या वेळी सापडेल त्याला पाठवू नका. तुमची त्या आठवड्याची मागणी त्याला लिहून द्या.

बीएनआय कनेक्ट अ‍ॅप अनेकजण फक्त स्लिप भरण्यापुरतं उघडतात. त्यात दुसऱ्या शहरांतले, दुसऱ्या देशांतले सभासद व्यवसायानुसार शोधता येतात. इचलकरंजीच्या माणसाला सुरतेत किंवा दुबईत ओळख हवी असेल तर तिथून सुरुवात होते.

रिन्यूअलचा हिशेब

हा हिशेब दहाव्या महिन्यात बसून करा, शेवटच्या तारखेला नको. ‘थँक यू फॉर क्लोज्ड बिझनेस’चा, म्हणजे रेफरल्समधून झालेल्या कामाचा, आकडा पाहून खूश होऊ नका, तो उलाढालीचा असतो. समजा वर्गणी, नाश्ता, पेट्रोल आणि तुमच्या वेळेची किंमत मिळून वर्षाला १ लाख २० हजार खर्च झाला आणि तुमचा नफा २० टक्के आहे. तर चॅप्टरमधून आलेलं ६ लाखांचं काम नुसता खर्च भरून काढतं. यात रेफरलमधून आलेल्या गिऱ्हाइकाने पुढे आणलेलं कामही धरा, ते बहुधा कोणी मोजत नाही. वर्गणीचं बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या. मात्र क्लबच्या सभासदत्वावरच्या इनपुट टॅक्स क्रेडिटला, म्हणजे भरलेल्या जीएसटीच्या वजावटीला, कायद्याने अडकाठी आहे, त्यामुळे तुमच्या वर्गणीवर ते घेता येतं का, हे रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा.

हिशेब जमत नसेल आणि वर सांगितलेलं सगळं प्रामाणिकपणे करून झालं असेल, तर नूतनीकरण करू नका. सोडण्यापूर्वी हातातली सगळी रेफरल्स पूर्ण करा, देणी चुकती करा आणि अध्यक्षांना महिनाभर आधी सांगा, म्हणजे तुमची कॅटेगरी त्यांना वेळेत भरता येईल.